बसलं काय?

माझ्या बुडाचे दोन ठसे मंगरूळपीरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये अजूनही ठेवलेले असतील. नऊ वर्षं मी त्या गावात भूगोल शिकवला आणि मागे राहिलेली माझी खूण म्हणावी तर ती एवढीच. त्यातला एक ठसा खोटा आहे आणि एक खरा. दोन्ही गुलाबभाऊंनी घेतले, आणि खोटा कोणता हे त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं.

गुलाबभाऊंचा मळा कारंजा रोडला, गाव संपता संपता. दीड एकरात मेथी, पालक, वांगी आणि सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर. हे आमच्याकडे सांगावं लागत नाही, पण पुण्याचा पाहुणा जेवायला बसला की सांगावं लागतं. त्यांच्या बायकोचं नाव कमल. एक गुलाब, एक कमल, आणि दोघांनी मिळून जन्मभर पिकवली मेथी, असं मी एकदा फार मोठा विनोद केल्यासारखं म्हणालो. कमलवहिनींनी जुडी बांधता बांधता वर न बघता विचारलं, "सर, पोरं हासतात काय वर्गात?" त्यानंतर मी तो विनोद पुन्हा केला नाही.

सकाळी दहापर्यंत गुलाबभाऊ भाजीवाले असत आणि दहानंतर फायबरवाले. तरुणपणी ते अकोल्याला कूलरच्या टाक्या करणाऱ्या कारखान्यात होते. तिथून हात शिकून आले आणि मळ्याच्या कडेला शेड टाकली. कूलरच्या टाक्या, ट्रॅक्टरचे टप, गणपतीच्या देखाव्यातल्या हत्तीची सोंड, काय म्हणाल ते करत. पण त्यांचं नाव होतं ते मोटरसायकलच्या सीटसाठी. सीट म्हटलं की आपल्याला वरचं रेक्झिन दिसतं, फार तर आतला फोम. त्याच्याही खाली एक कडक तळ असतो आणि तो गाडीच्या सांगाड्यावर टेकतो. तो चुकला तर वर मखमल लावली तरी कंबर बोंबलते. गुलाबभाऊ तो तळ फायबरचा करून देत, गाडीच्या मापाचा आणि वर बसणाऱ्याच्याही मापाचा.

माणूस उंच, वाळका, मिशी पांढरी. कामाला बसण्याआधी ते हाताला, मानेला, तोंडाला भरपूर सुवासिक पावडर फासत. फायबरची कूस अंगात शिरली की दोन दिवस खाज जात नाही, पावडरीनं ती शिरत नाही असं त्यांचं शास्त्र होतं. त्यामुळे भर दुपारी ते लग्नाला निघाल्यासारखे दिसत. मी शिकलेला माणूस, मी पावडर नाकारली. मग तीन दिवस दहावीच्या वर्गात मी फळ्याला पाठ घासत सह्याद्रीच्या रांगा शिकवल्या.

त्यांचा एक शब्द होता. झाकण लागलं, बोल्ट शिरला, रंग वाळला, समोरच्याला मुद्दा समजला, सगळ्याला ते एकच विचारत, "बसलं काय?" आणि हो म्हटलं तरी पुन्हा एकदा हातानं दाबून बघत.

ठसा घेण्याची त्यांची पद्धत अशी. गाडीच्या सांगाड्यावर चिकटपट्टी, तिच्यावर फळी आणि फळीवर मळ्यातल्या काळ्या मातीचा मऊ गोळा. वर प्लास्टिक अंथरून गिऱ्हाइकाला म्हणत, "बसा." माणूस बसला, उठला की मातीत त्याची बैठक उमटे. मग तिच्यावर फायबरची मॅट पसरून चिकट, पातळ रेझिन लावायचं. ते वाळलं की उचलायचं, खाली रबराचे गट्टू लावायचे, झाला तळ. दुसरे सीटवाले पट्टीनं माप घेतात, हे चिखलात बसवतात म्हणून लोक हसत. पण हसणारेही येऊन बसत.

माती काय काय सांगते ते मी एकदा समोर बसून पाहिलं. कामरगावचे एक किराणा दुकानदार सपत्नीक आले होते. शेठ मातीवर ऐसपैस बसले, उठले. ठशात उजव्या बाजूला एक गोल खड्डा. गुलाबभाऊंनी तो बोटानं चाचपला. "शेठ, मागच्या खिशात काय हाय?" शेठ म्हणाले, "काई नाई." गुलाबभाऊ म्हणाले, "मंग तुमचं हाडच असं गोल असन. त्याच्या हिशोबानं खड्डा ठिवतो." तेव्हा शेठाणी पुढे झाल्या, त्यांनी नवऱ्याच्या मागच्या खिशात हात घातला आणि तंबाखूची डबी बाहेर काढली. दिवाळीपासून सोडली होती म्हणे. परत जाताना शेठ गाडी चालवत होते आणि मागून शेठाणी. गाडी दिसेनाशी झाली तरी शेठाणींचा आवाज येत होता.

या सगळ्या सीटांत एक सीट शेडच्या भिंतीवर टांगलेली होती, गुलाबभाऊ काम करताना समोर दिसेल अशी. काळी, चकचकीत, शिलाई अगदी सरळ. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "वा, नमुना छान आहे."

"नमुना नाई थो," ते म्हणाले. "थे माही चूक हाय."

पुढचं मला वहिनींकडून कळलं. ती सीट गुलाबभाऊंनी स्वतःच्या गाडीवर बसवली होती. तिच्यावर ते स्वतः पाय टाकून मस्त बसत. कमलवहिनी मागे बसत त्या आडव्या, लुगड्यातली बाई बसते तशा, मांडीवर सांभाराची टोपली घेऊन. बाजाराच्या रस्त्यावर एका गतिरोधकाला गाडी उडाली आणि वहिनी त्या गुळगुळीत सीटवरून टोपलीसकट घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. अकोल्याला सळई टाकली. चालायला लागल्या, पण काठी आली आणि बसणं एका अंगावर कललं. दवाखान्यातून आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, "मी आता तुमच्या सीटवर बसनार नाई."

आणि नाहीच बसल्या. बाजाराच्या दिवशी भाजीबरोबर त्या मालवाहू ऑटोत पुढे बसून जात आणि ऑटोच्या मागे, तेवढ्याच वेगानं, गुलाबभाऊ एकटे मोटरसायकलवर. बाजारातले लोक म्हणत, गुलाबराव वरातीत निघाले. ते हसण्यावारी नेत. पण मला त्यांनी एकदा नीटच सांगितलं, "सर, पुऱ्या तालुक्याच्या बुडाले सीट देल्ली म्या. घरच्या बाईले नाई देता आली. थे एकदा माह्या मांगं बसली पायजे, बस. दुसरं काई मांगनं नाई माहं."

त्यांनी प्रयत्न केला नव्हता असं नाही. वहिनी नाहीत असं बघून अंदाजानं दोन तळ केले, दोन्ही मोडले. ठसा हवा होता आणि वहिनी मातीवर बसायला तयार नव्हत्या. त्यांचं म्हणणं, "लगन झालं तवापासून चिखलातच बसून राह्यली. आता अजून कायचा ठसा पायजे यायले?"

या घरात मी गेलो होतो ते माझं दुःख घेऊन. माझं दुःख असं की वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, केस मागे सरकत असताना, मला माझी अकरा वर्षांची जुनी गाडी शर्यतीच्या गाडीसारखी करायची होती. एकट्याचीच सीट आणि तिच्या मागे उंचवटा. व्हिडिओ पाहून पाहून मी त्या विषयात पारंगत झालो होतो. बायको म्हणाली होती, "गाडीले कुबड कायले काढता? तुमचं हाय ना."

गुलाबभाऊंनी चित्र पाहिलं. "एकट्याची? मंग म्याडम कुठं बसन?"

मी ऐटीत बायकोला फोन लावून त्यांच्या हातात दिला. ती एवढंच म्हणाली, "करा भाऊ एकट्याची. सुटली मी." गुलाबभाऊंनी फोन परत दिला आणि माती भिजवायला घेतली.

मे महिन्याची सुट्टी होती. मातीचा गोळा तयार झाला, मला "बसा" म्हणाले. मी बसलो. पोट आत, छाती पुढे, कंबर वाकवलेली, हात काल्पनिक हँडलवर. श्वाससुद्धा धरला होता. उठल्यावर ठसा पाहून मला स्वतःचा अभिमान वाटला, इतका तो आटोपशीर होता. गुलाबभाऊ विचारते झाले, "सर, हे तुमचंच हाय ना?"

रेझिन मी कालवीन असा हट्टही मीच धरला. ते वाफ्याचं पाणी फिरवायला गेले तेवढ्यात मी मगात रेझिन घेतलं आणि व्हिडिओतल्या मापानं हार्डनर ओतलं. रेझिनला घट्ट करतं ते हार्डनर, आणि ऊन जितकं जास्त तितकं ते कमी लागतं. व्हिडिओतला माणूस स्वेटर घालून होता, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. मी ब्रश बुडवला, दोनदा फिरवला आणि मग ब्रश फिरेना. हातातला मग गरम झाला, त्यातून धूर निघायला लागला आणि मी तो घेऊन शेडभर नाचलो. गुलाबभाऊ धावत आले तेव्हा आत दगड झाला होता आणि दगडात ब्रश उभा होता.

"सर," ते अगदी शांतपणे म्हणाले, "त्यायच्याकडं बर्फ पडते. आपल्याकडं मे महिना पडते."

हवामानाचे पट्टे मी दरवर्षी शिकवतो. त्यावर हमखास प्रश्न येतो म्हणून पोरांकडून घोटूनही घेतो. तो दगड झालेला मग गुलाबभाऊंनी फेकला नाही. भिंतीवरच्या सीटखाली फळी ठोकून तिच्यावर ठेवला आणि येणाऱ्या जाणाऱ्याला ते दाखवत, "हे माही चूक, हे सरची." त्या फळीवर जागा मिळाल्याचा मला पुढे पुढे थोडा आनंदच वाटायला लागला.

तळ त्यांनीच केला. सीट झाली, गाडी देखणी दिसायला लागली. शाळा उघडण्याआधी मी तिच्यावर बसून अनसिंगला मित्राला दाखवायला निघालो. वाशीमपर्यंत वीर होतो. वाशीम सोडलं आणि कंबरेत कुणीतरी खुंटी ठोकली. अनसिंगला पोचल्यावर मी गाडीवरून उतरलोच नाही, मला उतरवण्यात आलं. मित्राच्या बायकोनं मला ओट्यावर पालथं टाकून शेक दिला. गाडी टेम्पोत आली, मी एसटीनं आलो, तेही उभ्यानं, कारण वाकता येत नव्हतं.

गुलाबभाऊ भेटायला आले. मी चिडून म्हणालो, "तुमची सीट चुकली."

"सीट बराबर हाय. तुमी त्या दिवशी बसलेच नाई, सर. तुमी फोटू काढला."

माझ्यावर आयुष्यात बरीच टीका झाली आहे, पण इतकी अचूक नाही.

दिवाळीनंतर कंबर सरळ झाली तसं त्यांनी मला पुन्हा बोलावलं. मातीचा गोळा तयारच होता. बसा म्हणाले, आणि समोर सांभाराचा ढीग टाकला. "एवढा निवडून द्या. हिचा हात दुखून राह्यला." मी निवडायला लागलो. पिवळी पानं काढ, मुळाची माती झटक. ते इकडचं तिकडचं विचारत होते, यंदा निकाल कसा, मुख्याध्यापक अजून तसेच का. मुख्याध्यापकांचा विषय निघाला की माझं भान जातं. अर्ध्या तासानं ते म्हणाले, "उठा आता." मी उठून बघतो तर मातीत एक पोक काढलेला, पोट सुटलेला, डाव्या कुशीवर रेललेला दमला भागला माणूस बसून गेला होता.

"हे तुमी," गुलाबभाऊ म्हणाले. "हात कामात असले का मानूस खरा बसते."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या ठशावर केलेली सीट मी आजही वापरतो आणि कंबर एकदाही दुखलेली नाही. मागे उंचवटा नाही. तिथे बायको बसते.

त्या दिवशी हातपाय धुवायला म्हणून मी शेडमधून विहिरीकडे निघालो. वाफे नुकतेच भिजवलेले, म्हणून धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चाललो होतो आणि मुख्याध्यापकांबद्दलचं उरलेलं मागे वळून सांगत होतो. पाय कशात तरी रुतला. आणि गुलाबभाऊ ओरडले. कधी आवाज न चढवणारा माणूस इतक्या जोरात ओरडला की वहिनी काठी टाकून घरातून बाहेर आल्या.

"पाय उचला! सर, पाय उचला!"

मला वाटलं साप. मी पाय उचलला. खाली धुऱ्याच्या ओल्या मातीत एक रुंद, एका बाजूला कललेला ठसा होता आणि त्याच्या बरोबर मधोमध माझ्या बुटाचा. आजूबाजूला पिवळी पानं आणि जुड्या बांधायच्या सुतळीचे तुकडे. कमलवहिनी रोज सकाळी तिथेच बसत, पाय खाली वाफ्याकडे सोडून, आडव्या, आणि सांभाराच्या जुड्या बांधत. पडल्यापासून त्यांना जमिनीवर मांडी घालता येत नव्हती, धुऱ्याची उंची बरोबर जमे.

गुलाबभाऊ खाली उकिडवे बसले. त्या ठशावरून त्यांनी तळहात फिरवला, माझ्या बुटाच्या खुणेपाशी थांबले, पुन्हा फिरवला. "पाह्य बाप्पा," ते पुटपुटले. "रोज देऊन राह्यली थे. मीच घेऊन नाई राह्यलो."

हा शोध मी लावला असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. खरं तर तो माझ्या बुटानं लावला, आणि लावता लावता मोडला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळीच गेलो, गुन्हेगार म्हणून. धुरा आदल्या संध्याकाळी पुन्हा ओला करून ठेवला होता. वहिनींना काही सांगायचं नाही असं ठरलं. त्या आल्या, बसल्या, जुड्या बांधल्या, मला चार शब्द सुनावले आणि काठी टेकत घरात गेल्या. आम्ही दोघं धुऱ्याकडे पळालो. गुलाबभाऊंच्या तोंडाला पावडर, आणि या खेपेला माझ्याही. प्लास्टिक, मॅट. मग त्यांनी रेझिनचा मग माझ्या हातात दिला. थंडी चांगली पडली होती, तोंडातून वाफ निघत होती.

"आता टाका," ते म्हणाले, "तुमचं व्हिडिओवालं माप."

मी टाकलं. बरोबर बसलं.

ते गुडघ्यावर टेकून ब्रश फिरवत होते. एवढ्यात मागे काठीचा आवाज आला. वहिनी सुतळी विसरल्या होत्या.

"हे काय करून राह्यले? धुऱ्याले सीट बसवता काय?"

मी भूगोलाच्या शिक्षकाला शोभेल अशा रीतीनं क्षितिजाकडे पाहायला लागलो. गुलाबभाऊंच्या हातातला ब्रश थांबला, पण ते उठले नाहीत. मान खाली घालूनच बोलले, "आडवी बसनाऱ्या बाईची सीट कोन्याच कंपनीनं बनवली नाई, कमल. म्याबी नाई बनवली. म्या माह्या मापानं बनवली आन तुले तिच्यावर बसवलं. तू नाई पडली. म्या पाडलं तुले."

 वहिनींनी पावडर लावलेल्या दोन माणसांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग वाकून त्यांनी सुतळी उचलली आणि जाता जाता म्हणाल्या, "वरून रेक्झिन नका लावू. फिसलते थे. माही जुनी गोधडी हाय, थे लावा."

"मंग बसशीन?" गुलाबभाऊंनी विचारलं.

"पाहू."

तळ झाला, गोधडी लागली, सीट गाडीवर चढली. पुढचा भाग गुलाबभाऊंचा आणि मागचा तो कललेला खोलगट भाग वहिनींचा. आणि पुढचे सगळे बाजार वहिनी ऑटोतूनच गेल्या. मागून गुलाबभाऊ, आता मागची रिकामी जागा घेऊन. मी विचारलं की ते म्हणत, "बसन. घाई कायची हाय?" पण माझ्या देखत त्यांनी हात मागे नेऊन ती गोधडी दाबून पाहिली होती, एकदा नाही, पुष्कळदा. मला माझ्या आगाऊपणाची लाज वाटे. पुन्हा आशा मीच लावली होती त्या माणसाला.

तेवढ्यात आमच्या संस्थेनं माझी बदली केली, आणि तीही अनसिंगला, जिथे लोक मला ओट्यावर पालथा पडलेला गृहस्थ म्हणूनच ओळखत होते. सामान आणि गाडी टेम्पोत पुढे गेली, बायको टेम्पोत बसली आणि मी शाळेतली कागदपत्रं घेऊन एसटीनं निघालो. निरोप घ्यायला मळ्यात गेलो तर कुलूप. बाजाराचा दिवस होता.

बस गर्दीत अडकली. मी खिडकीशी बसून होतो. समोरून भाजीचा तो मालवाहू ऑटो आला. मी नेहमीच्या सवयीनं पुढे वहिनींना शोधलं. ड्रायव्हर एकटाच होता.

ऑटोच्या मागे मोटरसायकल होती. गुलाबभाऊ ताठ बसले होते, नजर सरळ, एखाद्यानं डोक्यावर भरलेला हंडा न्यावा तसे. मान वळवायची हिंमत नसावी. मी खिडकीतून हाक मारली, "गुलाबभाऊ! बसलं काय?" त्यांनी ऐकलं, कारण मिशी हलली, पण बघितलं नाही. मग गाडी खिडकीखालून पुढे सरकली आणि मला कमलवहिनी दिसल्या. आडव्या बसलेल्या, त्यांच्या पद्धतीनं एका अंगावर कललेल्या, काठी गाडीला बांधलेली, मांडीवर टोपली. समोर गतिरोधक होता. गुलाबभाऊंनी गाडी इतकी हळू केली की मागच्या रिक्षावाल्यानं शिवी दिली. पुढचं चाक चढलं, मागचं चढलं, उतरलं.

वहिनींनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी नवऱ्याचा खांदा धरला नव्हता, सीटचा दांडाही धरला नव्हता. त्यांचे दोन्ही हात सांभाराची जुडी बांधत होते.